आधीच मानलेले आभार

आमच्या गणिताच्या सरांइतका उतावळा माणूस अख्ख्या नवी मुंबईत झाला नसेल. एरवी स्वभाव शांत, घाई फक्त देवाचे आभार मानायची. आपण काम झाल्यावर आभार मानतो. सरांना तेवढा धीरच नव्हता. तुर्भ्याच्या स्टॉपवर बसचा पत्ता नसताना ते डोळे मिटून "प्रभू, बस दिल्याबद्दल आभारी आहे" म्हणायचे, आणि डोळे उघडेपर्यंत आलेली बस निघूनही गेलेली असायची. मग दुसऱ्या बसचे आभार. सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हा मेकॅनिक यायच्या आधीच त्यांनी ती सुरू झाल्याचे आभार मानले आणि पुढे चार दिवस पाच मजले चढले. तक्रार नाही, फक्त तिसऱ्या मजल्यावर कुणाकडे तरी पाणी प्यायला थांबायचे.

घणसोली गावात किराणा दुकानाच्या वर एक हॉल होता. रविवारी तिथं आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना, बाकीचे दिवस सरांचा फुकट वर्ग. बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात, आम्ही भाड्याच्या एका खोलीत. दुसरा क्लास परवडण्यासारखा नव्हताच. सर आल्या आल्या आमच्या ख्रिस्ती रीतीनं सगळ्यांना "सलाम" करायचे, प्रार्थना करायचे आणि प्रार्थनेतच आमच्या चुका देवाच्या कानावर घालायचे. "प्रभू, रूथ अजून वजाचं चिन्ह विसरते, तिला सांभाळ." रूथ म्हणजे मी. देवाच्या आधी अख्ख्या वर्गाला कळायचं. हॉलची मालकीण, गावातली काकी, एकदा म्हणाली, "सर, पोरी अजून पेपरला गेल्या नाय, नि तुमी आभार मानून मोकले? देव काय पलून चाललाय?" सर खूश होऊन म्हणाले, "तो नाही पळत काकी, मीच विसरेन."

आमच्यात रीत अशी की काही चांगलं झालं की चिठ्ठी लिहून पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या पास्टरकडे, द्यायची. ते उपासनेत उपकारस्तुती म्हणून वाचतात. माझा बारावीचा निकाल मंगळवारी होता. सरांनी चिठ्ठी आदल्या रविवारीच दिली. पाळकसाहेबांनी चष्मा सावरत वाचलं, "रूथ बारावी पास झाल्याबद्दल." टाळ्या पडल्या. तीन मावश्यांनी माझे गाल ओढले. आईला ठाऊक होतं निकाल लागायचाय, तरी ती रडली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर पुढचं गीत सुरू झालं होतं.

मंगळवारी मी गणितात नापास झाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला सांगितलं, आता पुन्हा परीक्षा नाही आणि मंडळीत पाऊलही नाही. तुर्भ्याला पॅकिंगचं काम मिळत होतं, सोमवारपासून तिकडे जायचं ठरवून टाकलं.

बुधवारी भर दुपारी सर घरी आले. मी भिंतीकडे तोंड करून बसले. इतका राग आला होता मला त्यांचा. म्हटलं, "सर, तुमच्या देवानं तुम्हाला थांबवलं का नाही?"

"थांबवलं असेल, मीच ऐकलं नसेल," सर म्हणाले. "चूक माझी. चिठ्ठीत 'पास' लिहायचं नव्हतं." मग म्हणाले, "बाळा, मी मॅट्रिकला दोनदा आपटलोय. तेही गणितात. देवानं मार्कशीट बघून माणसं जवळ केली असती, तर आधी मीच बाहेर राहिलो असतो. कृपा कमवावी लागत नाही. अभ्यास करावा लागतो, तो आपण करू. उद्या सहाला ये."

मी गेले नाही. रविवारी आईनं ओढतच उपासनेला नेलं. शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले. पाळकसाहेब चिठ्ठ्या वाचत होते. कुणाची नोकरी, कुणाचं बाळंतपण, कुणाचं नवं घर. शेवटच्या चिठ्ठीपाशी ते अडखळले. उलटून पाहिली, मागे कोरी होती.

"सरांकडून उपकारस्तुती. रूथबद्दल."

पुढे काही लिहिलंच नव्हतं. कुणी टाळी वाजवली नाही. सर पुढच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. सोमवारी मी पॅकिंगला न जाता वर्गात गेले.

सरांना जाऊन दोन वर्षं झाली. फार आठवण येते त्यांची. पुढे मी पास झाले, नोकरीला लागले, तेव्हाही माझ्या नावाच्या चिठ्ठ्या वाचल्या गेल्या असणार. मला एकही आठवत नाही. आठवतो तो नापास झाल्याचा आठवडा, जेव्हा मी काहीच मिळवलं नव्हतं आणि तरी एका माणसानं भर मंडळीत माझ्याबद्दल देवाचे आभार मानले होते.