तिसरा हात कुठून आणू?

बेस्ना माझी नणंद, आणि वहिनीही तीच. आम्हा कुर्दांत साटंलोटं चालतं. मला मीर्झोला दिलं, बदल्यात त्याची बहीण बेस्ना माझ्या भावाला, शेखमूसला. नवरीसाठी मोजायचं देज दोन्ही घरांचं वाचलं आणि आम्ही दोघी अडकलो. तिकडे तिला थप्पड बसली की इकडे मला बसायची. याला न्याय म्हणायचे मेले!

पण ही बया गप्प बसणारी नव्हती. पोरींना शाळेत घाला म्हणून दारोदार फिरायची. तुर्की लष्कराने शेजारचं गाव जाळलं तेव्हा मार्दिन शहराच्या चौकात बायका घेऊन उभी राहिली. "त्यांनी आमचा मारला म्हणून आम्ही त्यांचा मारायचा, हे कुठवर? कुणाचंही पोर असो, त्याला पुरतो आम्ही बायकाच!" बंदुकवाल्यांच्या तोंडावर बोलली.

त्या मोर्च्याहून परतली, तर शेखमूसने फावड्याच्या दांड्याने तिचा उजवा हात मोडला. हाड कातडी फाडून बाहेर आलं. तशीच फडक्यात हात गुंडाळून ती माहेरी, म्हणजे माझ्या सासरी धावली, मला वाचवायला. पण बातमी तिच्याआधी पोचली होती. मला केसांना धरून अंगणात आणलं होतं.

"हाताला हात," सासरा म्हणाला. "नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा नाही."

मीर्झोने दांडकं उचललं. रडत होता मेला. रडत रडत मारणार होता!

"पडले म्हणून सांग ना गं!" मी बेस्नाला ओरडले. "पाया पडते तुझ्या!"

"नाही सांगणार. जन्मभर बायकांना हेच सांगत आले, पडलो म्हणू नका." ती माझ्यापुढे आली. डावा हात पुढे धरला. "हात हवाय ना? हा घे."

"बाजूला हो, बेस्ना!"

"घे म्हणते ना!"

दांडकं खाली आलं. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. ती मातीत बसली आणि ओकली.

"झालं. फिटलं," सासरा म्हणाला.

"कुठे फिटलं, बाबा?" ती तिथूनच म्हणाली. "शेखमूसने मोडला म्हणून त्याच्या बहिणीचा मोडायचा. मग आता मीर्झोने मोडला. त्याची बहीण तर मीच. सांगा, तिसरा हात कुठून आणू?"

म्हातारा काठी टेकत आत गेला. मीर्झो तिथेच उभा, हातात ते दांडकं.

पुढच्या मोर्च्याला तिचे दोन्ही हात फळ्या बांधून गळ्यात होते. फलक मी धरला. मीर्झो दारात आडवा आला.

"सरक," मी म्हटलं, "नाहीतर मोड."

सरकला.