स्कीमवाल्यांचा कीबोर्ड

"ए स्कीम, चपला बाहेर. आणि मागच्या बाकावर."

हे आमचं नाव. अकरा जणांचं मिळून एक. सरकारी योजनेतून आलेली पोरं, म्हणून स्कीम. नाशिकरोडच्या त्या कॉम्प्युटर क्लासात एसी होता. धुळीनं मशीन बिघडतं, असा कागद दारावर चिकटवलेला. धूळ फक्त आमच्या पायांना लागायची. पैसे भरून आलेली पोरं बूट घालून आत जायची. ती बहुतेक हवेतून चालत येत असावीत.

मी नांदगाव तालुक्यातली, बौद्धवाड्यातली. आत्याकडे राहून हा कोर्स करत होते. क्लार्कच्या एका जागेचा फॉर्म भरायचा होता आणि त्याला कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागत होतं. ते नसेल तर फॉर्म घेणारच नव्हते.

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला एकेक लॅमिनेट केलेला कागद दिला. त्यावर कीबोर्डची झेरॉक्स. यावर बोटं फिरवा म्हणाले, सवय झाली की मशीन देतो. पुढं आठ मशीन. दोन कायम रिकामी. त्या खुर्च्यांवर पुढच्या पोरांच्या बॅगा बसायच्या. बॅगांना मशीन, आम्हाला कागद.

तीन महिने आम्ही कागद बडवला. सर ओरडायचे, सिलेक्ट करा, कॉपी करा, सेव्ह करा. आम्ही कागदावर सेव्ह करायचो. गंभीर चेहऱ्यानं. वर वहीत 'आलं' म्हणून टिक मारायचो. याची मला आजही लाज वाटते.

मशीन कधी देणार, असं एकदा विचारलं. सर पुढच्या रांगेकडं बघत म्हणाले, "फुकट मिळतंय ना? मग चव कशाला सांगता?"

रांग हसली. फुकट म्हणे. त्यांची फी बाप भरत होता, आमची सरकार. सरांनी घेतली दोन्ही.

मग मी नजरेनं चोरायला लागले. पुढच्या मुलीच्या खांद्यावरून बघायचे. ओळ निवडताना माउस कसा दाबून ओढायचा. ठळक करायला कंट्रोल धरून बी. मथळा मधोमध न्यायचं बटण कोर्सच्या पुस्तकात सापडलं. सर स्वतः त्यासाठी स्पेसबार बडवत बसायचे. पुस्तक त्यांनी उघडलं नसावं.

परीक्षेच्या दिवशीही मशीन नाही. सरांनी छापून ठेवलेले अकरा अर्ज वाटले. नोकरीसाठी अर्ज, एक पान, वर आमची एकेकाची नावं. हा तुमचा पेपर. रजिस्टरवर 'प्रशिक्षण मिळाले' समोर सही करा, सर्टिफिकेट घ्या.

मी पान खालपर्यंत वाचलं. वर मी. खाली कुणीतरी चांदवडचा मुलगा, 'आपला विश्वासू'. अकराही पानांवर तोच. मागच्या कुठल्या तरी बॅचचा. सरांना पानाच्या तळापर्यंत जायचाही कंटाळा.

मी म्हणाले, "सर, हा पेपर माझा नाही. माझा मी टाइप करते."

"तू?"

मी खुर्चीवरची बॅग खाली ठेवली आणि बसले. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या कीबोर्डला बोट लावलं. बटण आत जातं, हे कागदानं सांगितलं नव्हतं. एकेक अक्षर शोधत लिहिलं : मला इथे तीन महिने कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. ओळ निवडली. ठळक केली. मधोमध नेली. मागचा सगळा बाक उठून माझ्यामागं उभा राहिला.

सर स्विचकडं निघाले. मी घाईत कंट्रोल आणि एसवर बोटं टेकवली. नुसती टेकवली, दाबली नाहीत. तीन महिन्यांची कागदाची सवय. त्यांनी माझ्या मशीनचा स्विच बंद केला. स्क्रीन काळी. ओळ गेली.

"झालं समाधान? आता सही कर."

केली नाही. बाकी दहा जणांनी केली. त्यांच्यावर माझा राग नाही.

आत्या भडकली. "कागद घ्यायचा ना गं बये. तू शिकली का नाय, कोण बघतंय?"

तेच तर, आत्या. कोणीच बघत नाय.

फॉर्मची तारीख गेली. जागा गेली. झेरॉक्सच्या दुकानात बसून तक्रार टाइप केली, प्रत्येक ओळीला सेव्ह दाबत. योजनेच्या ऑफिसातल्या साहेबांनी ती वाचली आणि विचारलं, दहा जणांना अडचण नाही, तुलाच कशी? सहा महिने झाले. उत्तर नाही.

सोमवारी तिथं स्कीमची नवी बॅच सुरू होतेय. योजनेच्या ऑफिसाबाहेर लावलेल्या यादीवरून त्यातल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन मी 'कागद नको, मशीन मागा' असं पत्रक देऊन आलेय. आम्ही क्लास उघडायच्या आधी दारात असू. आठही मशीनसमोर आम्ही बसू, आणि उरलेले पाठीशी उभे राहतील. तेव्हा एक बटण बंद करून भागणार नाही, सर. आठही बंद करा. आणि का बंद केली, ते तुमच्या पैसे भरणाऱ्या पालकांना आमच्यासमोर सांगा.