सांतियागोचे आठ हुतात्मे

स्पेनमधल्या एका चर्चमध्ये मी आठ माणसांना फाशी दिलेली आहे. नववा खिडकीतून पळाला. हे सगळं सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या सासऱ्यांच्या देखत आणि ऑफिसातल्या लोकांसमोर घडलं.

आम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कला राहतो. मी तिथल्या औषधांच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. कारखान्याचा एक सोशल क्लब आहे, तो वर्षातून एकदा कुठेतरी सहल काढतो. गेल्या वर्षी ठरलं सांतियागो. इकडच्या लोकांना स्पेनमधल्या या तीर्थाच्या गावाचं भारी वेड. शेकडो मैल चालत तिथे जाऊन आलेला एकतरी काका प्रत्येक आयरिश घरात असतोच. आम्ही मात्र विमानाने जाणार होतो आणि गावातल्या गावात गाइडबरोबर तीन तास चालणार होतो. सहलीची सगळी व्यवस्था आमच्या क्वालिटी विभागातल्या नोरीनकडे होती. घरच्यांना खुशाल आणा, असं ती म्हणाली.

माझी बायको मेधा डॉक्टर आहे, तिला नेमकी त्याच आठवड्यात हॉस्पिटलची ड्यूटी लागली. मग निघालो आम्ही तिघं. मी, आमची अकरा वर्षांची सई आणि मेधाचे वडील अण्णा. अण्णा अचलपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते.

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. ते हायस्कुलात इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. कुठेही गेले तरी हातात दोनशे पानी वही असते आणि राजाचं नाव कळल्याशिवाय ते कोणत्याही इमारतीसमोरून हलत नाहीत. इंग्रजी पेपरचा अग्रलेख ते सहज वाचतात, पण गोऱ्या माणसाने तोंड उघडलं की त्यांच्या कानात नुसता वारा घुसतो. म्हणून निघताना मेधाने मला बजावलं होतं, की बाबांना सगळं नीट मराठीत सांग, गाळू नकोस. मी म्हणालो, ज्या माणसाला कॉर्कच्या लोकांचं इंग्रजी कळतं, त्याला जगातलं कोणतंही इंग्रजी कळतं. (हे वाक्य मी विमानतळावर, चार लोकांत, मोठ्याने म्हणालो होतो.)

आमची गाइड सबेला नावाची मुलगी होती. लहानशी चण, हातात पिवळी छत्री आणि इंग्रजी असं, की एका दमात पाच वाक्यं सांडायची, त्यातली तीन एकमेकांत अडकलेली. त्यात पाऊस भुरभुरत होता, वीस छत्र्यांवर तो टपटपत होता आणि अण्णा दर दहा पावलांवर भिंतीवरचं काहीतरी वाचायला थांबत होते. त्यांना घेऊन मी घोळक्यापाशी पोचेपर्यंत सबेलाचं शेवटचं वाक्य चाललेलं असायचं. सई पुढे नोरीनच्या छत्रीत शिरली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. मागे उरलो आम्ही दोघं, सासरे आणि दुभाषा.

पहिला चौक कॅथेड्रलसमोरचा. सबेला चौकाचं नाव सांगून काहीतरी बोलली आणि पुढे निघाली. मला फक्त ‘ओब्रादोइरो’ एवढं ऐकू आलं.

“काय म्हनून राहिली?” अण्णांनी विचारलं.

त्या क्षणी मी ‘ऐकू आलं नाही’ म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बारा वर्षं मी या माणसाचा जावई आहे आणि बारा वर्षांत त्यांना आधीच माहीत नसलेली एकही गोष्ट मी त्यांना सांगू शकलेलो नाही. अचलपूरला गेलो की ते बोलतात आणि मी मान हलवतो. आज पहिल्यांदा ते वही उघडून, पेन सरसावून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, “ओब्रादोइरो नावाचा एक प्रधान होता. त्याच्या नावाने हा चौक आहे.”

“कोन्या राजाचा प्रधान?”

मला स्पेनचा एकही राजा माहीत नव्हता. नाव आठवलं ते एकच, तेही हापूसच्या पेटीवर वाचलेलं. “अल्फान्सोचा,” मी म्हणालो. अण्णांनी लिहून घेतलं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या थांब्यावर तर मला चांगलं दीड वाक्य ऐकू आलं. ज्याच्या नावाने हे गाव आहे, त्या संताचा मृतदेह समुद्रातून इथे कसा आला, ते सबेला सांगत होती. ती म्हणाली, दगडाच्या बोटीतून. मी इंजिनिअर आहे. दगडाची बोट तरंगत नाही, म्हणजे माझ्या ऐकण्यात चूक झाली, असं मी ताडलं आणि सुधारून सांगितलं, की दगडांनी भरलेल्या बोटीतून आणला. अण्णांनी विचारलं, दगड काहून? मी म्हणालो, वादळात बोट उलटू नये म्हणून तळाशी वजन ठेवतात. अण्णांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “हे शास्त्रीय हाये. चांगलं सांगतलं, जावईबापू.”

बारा वर्षांतली ती पहिली शाबासकी. माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. नंतर मी ऐकायचाही फारसा प्रयत्न केला नाही. घोड्यांच्या कारंज्यापाशी मी एक लढाई केली, एका बोळात प्लेग आणला आणि एका मुक्या दिसणाऱ्या घरात अल्फान्सोच्या धाकट्या राणीला नजरकैदेत टाकलं. अण्णांची वही भरत चालली होती.

मग आम्ही कॅथेड्रलच्या आत गेलो. आत सगळे कुजबुजत बोलत होते, त्यामुळे जे थोडंफार ऐकू येत होतं तेही बंद झालं. उंच घुमटाखालून एक जाडजूड दोर लोंबत होता. त्याच्या टोकाला काहीही नव्हतं. सबेला दोराकडे हात करून सांगत होती. एका खांबाआडून मला तीनच गोष्टी कळल्या. दोर. आठ माणसं. आणि शेवटी, खिडकीतून बाहेर.

अण्णा वाट बघत होते. रिकाम्या दोराकडे बघून मला एकच गोष्ट सुचली.

“इथे आठ जणांना फाशी दिलं,” मी हळूच म्हणालो. “नववा खिडकीतून पळाला.”

अण्णांनी डोक्यावरची कानटोपी काढली, वही काखेत धरली आणि दोराकडे बघत मान खाली घालून उभे राहिले. नोरीनने मागे वळून पाहिलं. एक म्हातारा भारतीय माणूस तिच्या चर्चमध्ये इतक्या भक्तीने उभा आहे हे पाहून तिला भरून आलं. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. तिच्या शेजारच्या आमच्या मेंटेनन्सच्या माणसाने टोपी काढली. मग एकेक करत सगळ्यांनीच काढल्या. आमच्या कारखान्याची वीस माणसं त्या दोरासमोर दोन मिनिटं स्तब्ध उभी होती. सबेलाही बोलायची थांबली. मीही मान खाली घातली. दुसरं काय करणार?

बाहेर आल्यावर अण्णांनी माझा दंड धरला. “त्या आठ जनाईची नावं पायजे,” ते म्हणाले. “मानसं मेली अन् नावंही लिहिली नाहीत, असं होऊ नये. तिले इचारून या.”

मी गेलो. सबेलाला गाठलं आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. तिने हातवारे करून डावीकडे, मग उजवीकडे, असं बराच वेळ समजावलं. लांबून ते फार गंभीर संभाषण दिसत असणार. परत आलो तेव्हा माझ्याकडे टीव्हीवर फुटबॉल बघताना कानावर पडलेली सहा आडनावं तयार होती. उरलेल्या दोघांची नोंद आगीत जळाली, असं सांगितलं. अण्णांनी सहाही नावं ठळक अक्षरांत लिहिली आणि खाली दोन रेघा कोऱ्या सोडल्या. त्या कोऱ्या रेघा पाहून खरं सांगून टाकावं असं मला पहिल्यांदा वाटलं. पण तेव्हा बोललो नाही.

चालणं संपलं ते कॅथेड्रलच्या मागच्या चौकात, रुंद पायऱ्यांवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सबेलाने छत्री मिटली आणि लोक कॉफीच्या वासाने पांगायच्या बेतात होते. तेवढ्यात अण्णा दोन पायऱ्या वर चढले. कार्यक्रम झाला आणि आभारप्रदर्शन झालं नाही, हे त्यांना आयुष्यात कधी सहन झालेलं नाही. मी पुढे झालो तर त्यांनी हाताने थांबवलं. तुम्ही सकाळपासून बोलून थकले, आता पोरगी सांगेल, असं म्हणून त्यांनी सईला शेजारी उभं केलं.

सईला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती कॉर्कच्या मुलांसारखं इंग्रजी. अण्णा शाळेच्या गॅदरिंगमधल्या आवाजात एकेक वाक्य टाकायचे आणि ती ते त्याच सुरात इंग्रजी करून द्यायची. पाहुणचाराबद्दल आभार झाले. शहर स्वच्छ असल्याबद्दल कौतुक झालं. मग अण्णा म्हणाले, की ज्या आठ वीरांनी त्या दोराला प्राण दिले त्यांना अचलपूरच्या समस्त शिक्षकवृंदातर्फे मी अभिवादन करतो, आणि सबेलाताईंना विनंती करतो, की त्यांची नावं तिथे दगडावर कोरून घ्यावी.

सईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ते जसंच्या तसं सांगितलं. चर्चमध्ये फासावर गेलेल्या त्या आठ लॅड्सबद्दल माझ्या आजोबांना फार वाईट वाटतंय, असं.

सबेला म्हणाली, चर्चमध्ये कोणालाही फाशी दिलेलं नाही. त्या दोराला सणासुदीला चांदीचं भलंमोठं धूपपात्र टांगतात. आठ माणसं दोर ओढून ते झुलवतात. एकदा ते सुटून खिडकीतून बाहेर उडालं होतं, असं सांगतात.

सईने हे मराठीत सांगितलं. “आजोबा, ती म्हणते कोणी मेला नाही. ते उदबत्तीचा मोठा डबा आहे.”

अण्णा ऐकून घेतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, सरकारला लाज वाटणारा इतिहास असाच लपवतात, मी आयुष्यभर हे पोरांना शिकवलंय. उदबत्तीच्या डब्यासाठी कोणी आठ माणसं लावतं काय? आणि मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “माहे जावई खोटं बोलत नाहीत. त्यायनं सोताच्या कानानं ऐकलं. पोरी, सांग तिले.”

सई सांगणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. सबेलाचा चेहरा उतरला होता. सकाळपासून पावसात घसा फोडून तिने खरं तेच सांगितलं होतं, आणि एक म्हातारा तिला वीस लोकांसमोर खोटारडी ठरवत होता, माझ्या भरवशावर. मी पायऱ्या चढलो. आधी मराठीत म्हणालो, “अण्णा, मला ऐकूच येत नव्हतं. मी मनाने सांगत होतो. पहिल्या चौकापासून.” मग तेच इंग्रजीत, सगळ्यांसाठी. फाशीपासून नजरकैदेतल्या राणीपर्यंत सगळं सांगितलं. लोक हसू दाबत होते. ज्या आठ माणसांसाठी आपण टोपी काढली ती मुळात नव्हतीच, हे नोरीनच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. ती रोज माझे रिपोर्ट तपासते.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी वही मिटली, पायऱ्या उतरले आणि सईचा हात धरून चालायला लागले. मला काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

वाचवलं ते सबेलाने. ती त्यांच्या मागे गेली आणि सईच्या मार्फत म्हणाली, की माझी जेवायची सुट्टी आहे, आपण पहिल्या चौकातून पुन्हा सुरुवात करू, फक्त तुम्ही आणि मी. मग त्या तिघांनी सगळी फेरी नव्याने केली. सबेला एकेक शब्द सुटा करून बोलायची, सई तिच्या मोडक्या मराठीत सांगायची, अण्णा जुनी ओळ खोडून नवी लिहायचे. मी मागून छत्री धरली होती. चौकाचं नाव प्रधानाचं नव्हतं, तिथे दगड घडवणाऱ्यांचं काम चालायचं म्हणून ते पडलं होतं. राजा मात्र खरोखर अल्फान्सोच निघाला, इथला पहिला यात्रेकरू म्हणून त्याचं नाव सांगतात. माझ्या सगळ्या थापांमधली एवढी एकच खरी ठरली, तीही आंब्याच्या कृपेने.

मग आली बोट. सबेला म्हणाली, संताला दगडाच्या बोटीतून आणलं.

“दगडांनी भरलेली?” अण्णांनी विचारलं.

“नाही आजोबा,” सई म्हणाली. “बोट दगडची. आणि ती सात दिवस समुद्रात आली.”

अण्णांनी जुनी ओळ खोडून नवी लिहिली. मग ते मागे वळले आणि चौकातून निघाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. “पाह्यलं, जावईबापू? थापच माराची तर अशी माराची. लोक हजार वर्षं पायी येऊन राहिले. अन् तुमी काय, वादळ अन् वजन सांगत बसले.”

मला इतकं बरं वाटलं, की छत्री माझ्या हातून कलली आणि सगळं पाणी त्यांच्या खांद्यावर सांडलं. अण्णांनी नुसता खांदा झटकला आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

कॉर्कला परतल्यावर पुढच्या रविवारी आम्ही कोबच्या बंदराकडे निघालो. मेधा पुढच्या सीटवर पेंगत होती, सई आणि अण्णा मागे होते. वाटेत उजव्या हाताला एक पडका बुरूज दिसला. अण्णा पुढे वाकले आणि हा कोणी बांधला, असं त्यांनी विचारलं. मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, गाडी थोडी हळू केली आणि म्हणालो, “मला माहीत नाही.”

“हे मात्र,” अण्णा सईला म्हणाले, “तुह्या बापाले पक्कं माहीत हाये.”