नापास ओळ हिरवी राहिली

भाताच्या संशोधन केंद्रात तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे. एकवीस वर्षांत तिने त्याला कधी हरकत घेतली नाही, कारण कामच तसं होतं आणि किळसवाणं होतं. रोगजंतूंचं पिवळट, चिकट पाणी वाटीत घ्यायचं, कात्री त्यात बुडवायची आणि पानांचे शेंडे छाटत ओळीमागून ओळ वाकून चालायचं. चौदा दिवसांनी पट्टी घेऊन पान किती करपलं ते मोजायचं. वाणात रोगाला अडवणारं जनुक असलं की करपणं दोन बोटांवर थांबतं. नसलं की पान वीतभर वाळतं. घरी ती कात्रीला शिवतही नसे, दुधाची पिशवी कापायची तर नवऱ्याने.

प्रत्येक वाफ्यात एक जुना वाण मुद्दाम लावलेला असायचा. त्याच्यात ते जनुक नाही, म्हणजे तो करपायलाच हवा. तो करपला तरच जंतू जिवंत होते, चाचणी खरी होती असं धरायचं. बिचाऱ्याचं नावच नापास पडलं होतं.

यंदा पाळी होती केंद्रप्रमुख साहेबांच्या नव्या वाणाची. जंगली भाताशी संकर करून आपण ते जनुक आणलंय, असं सांगत त्यांनी सहा वर्षं मिरवून घेतलं होतं. चौदाव्या दिवशी कात्रीबाईने पाहिलं तर नवा वाण हिरवागार. शेजारी पाहिलं तर नापासही हिरवागार.

तिला छाटणीचा दिवस आठवला. वाफा बदलताना वाटी स्पिरिटने धुऊन कोरडी करायची असते. त्या दिवशी गुडघे ठणकत होते, तिने तळाशी राहिलेलं स्पिरिट न पुसताच वरून जंतूंचं पाणी ओतलं होतं. जंतू वाटीतच मेले. चूक तिचीच.

ती तडक साहेबांकडे गेली आणि सगळं कबूल केलं. चाचणी पुन्हा करू, म्हणाली. साहेब दात कोरत होते. काडीच्या टोकाला काय आलं ते निरखून झाल्यावर त्यांनी सांगितलं की नापासपुढे गेल्या वर्षीचा आकडा लिहून टाका.

"साहेब, पण हे बियाणं गावोगाव जाणार."

"बाई, तुमची चूक मी पोटात घातली ना? मग मुकाट्याने सही करा."

एकवीस वर्षं त्या चिकट पाण्यात हात घालून तिला जे झालं नव्हतं ते तिथे झालं. अंगावर शिसारी आली. या माणसाने तिची चूक उचलून खिशात टाकली होती, आणि वर तिच्यावरच उपकार दाखवत होता. घरी नवऱ्याने सांगितलं, पेन्शनला चार वर्षं राहिलीत, कशाला नसत्या भानगडीत पडतेस. खरं होतं त्याचं.

तरी सही आज करते, उद्या करते, म्हणत तिने दिवस ढकलले. मध्येच एका सकाळी ती लवकर आली, वाटी तीनदा पुसली, तीत जंतूंचं ताजं पाणी घेतलं, आणि दोन्ही ओळींची उरलेली पानं छाटली. कुणाला काही बोलली नाही.

वाणाला मंजुरी देणारी समिती आली त्या दिवशी या दुसऱ्या छाटणीला चौदा दिवस भरले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर वही मागवली. कात्रीबाई वही घेऊन आत आली. दुसऱ्या हातात पान होतं, वीतभर वाळलेलं. तिने त्याचा तुकडा कापला आणि साहेबांपुढच्या पाण्याच्या पेल्यात सोडला. साहेबांनी नुकताच त्यातला एक घोट घेतला होता. थोड्या वेळाने कापलेल्या कडेतून पांढरट धागा निघाला आणि हळूहळू पाण्यात उतरू लागला. जंतूच ते, लाखोंनी. समितीतल्या म्हाताऱ्या बाई पेल्यावर वाकल्या.

"हे नापासचं का?"

"नाही. साहेबांच्या वाणाचं. आधी हिरवं राहिलं होतं ती चूक माझी."

कुणी काही बोलायच्या आत तिने वही उघडली. आधी वाटी न पुसल्याचं लिहिलं, तारखेसकट. त्याखाली दोन्ही ओळींचे आजचे आकडे लिहिले, आणि मग सही केली.