चूळ आणि चाळीस रुपये

"चूळ भर."

मी भरली.

"आता थुंक."

मी थुंकले. मालकांच्या बाई वाकून माझं थुंकलेलं पाणी बघायच्या. त्यात केळ्याचा कण दिसतो का, ते. रोज संध्याकाळी घरी निघायच्या आधी आम्ही आठ बायका पाण्याच्या पाटाशी ओळीने उभ्या राहायचो आणि बाई तांब्या उंच धरून आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या. तांब्याला आमचा हात लागलेला चालत नव्हता. केळ्यांना चालायचा. दिवसभर ती केळी आमच्याच बोटांतून जायची, सोललेली, उघडी. मग ती मुंबईला जायची आणि शेठलोक ती मिटक्या मारत खायचे.

सुकेळीचं काम होतं ते. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर चटया टाकून उन्हात मांडायची. दुपारी एकेक उलटायची. संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभराने मधासारखी झाली की वाळल्या पानात बांधायची. उलटायला एक दिवस उशीर झाला तर बुरशी धरते. हे काम माझ्या आईइतकं कुणाला येत नव्हतं. गास गावाहून आम्ही मायलेकी अंधारात निघायचो ते ऊन यायच्या आत मालकांच्या केळीच्या वाडीत हजर.

स्वराज्य आलं त्यानंतरचा तो पहिलाच हंगाम. मालकांनी वाडीच्या फाटकावर झेंडा लावला होता. झेंड्याखालून आत जायचं आणि संध्याकाळी चूळ भरून बाहेर पडायचं.

आठवड्याला तांदूळ मिळायचे, रोख मजुरी हंगामाच्या शेवटी. शेवटच्या दिवसांत पानं कापताना आईच्या बोटात कोयती घुसली. बाईंनी हळद दाबली आणि म्हणाल्या, "रक्त मालाला लागू देऊ नकोस हो." जखमेत केळीचा चीक गेला. बोट सुजलं. वसईचा डॉक्टर म्हणाला, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या, लवकर न्या. नेणार कशाने? दोघींचे मिळून चाळीस रुपये मालकांकडे होते.

मी मागायला गेले.

"व्यापाऱ्याकडून यायचेत," मालक म्हणाले. "तो देईल तेव्हा मी देईन."

मी वळले तर बाई म्हणाल्या, "आलीच आहेस तर तेवढं अंगण झाडून जा."

मी झाडलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. तेच उत्तर. "आलीच आहेस तर गोठ्यातलं शेण काढ." काढलं. तिसऱ्या वेळी लाकडं रचली. चौथ्या वेळी भर पावसात पन्हळीतला पाला उपसला. पाचव्या आणि सहाव्या वेळी काय केलं ते आता आठवत नाही. पण केलं. मला आज सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. मालकांचा नाही, माझा. पैसे मागायला गेलेली बाई मी, आणि दर खेपेला फुकटची राबून परत यायची. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. झाडू दिसला की माझा हात आपोआप पुढे व्हायचा. काम केलं तर मालकांना दया येईल, असंही मनात असायचं. किती मूर्ख होते मी.

नवरात्राच्या आधी वसईच्याच डॉक्टरने आईची दोन बोटं काढली. "वेळेवर नेली असती तर बोटं वाचली असती," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने ती रोजची गोष्ट असेल.

सातव्या वेळी आई माझ्याबरोबर आली. म्हणाली, "माझा हात बगतीन तं देतीन गो."

ओटीवर मुंबईचा व्यापारी चहा पीत बसला होता. मालक पानाला चुना लावत होते. आम्ही खाली अंगणात उभ्या. बाईंनी आईच्या हाताचं फडकं बघितलं. सूप भरून वालाच्या शेंगा आणल्या आणि आईपुढे ठेवल्या.

"एक हात धड आहे ना? बसल्या बसल्या तेवढ्या सोल."

आई बसली. खरंच बसली. फडक्याच्या हाताने शेंग दाबून धरायची आणि दुसऱ्याने सोलायची. फडक्यावर लाल डाग फुटला. ती वर बघून हसली. बाईंना बरं वाटावं म्हणून हसली.



"आई, ऊठ."

"ऱ्हाऊ दे गो. थोऱ्याच शेंगा हान."

मी सूप उचललं आणि बाजूला ठेवलं. मग आईचा धड हात धरला आणि ओटीची पायरी चढले. त्या ओटीवर आमच्यातलं कुणी कधी चढलं नव्हतं. मी आईला बसवलं. शेजारी मी बसले.

"खाली उतर!" बाई किंचाळल्या.

"आमचे चाळीस रुपये द्या. उतरतो."

"सांगितलं ना, व्यापाऱ्याकडून आले नाहीत," मालक म्हणाले.

"व्यापारी हे इथे बसलेत. विचारा त्यांना."

व्यापाऱ्याने कप खाली ठेवला. त्याला आमचं काही पडलं नव्हतं, त्याला स्वतःची पत सांभाळायची होती. "माझ्याकडे कसली बाकी? मी तर पावसाआधीच सगळे चुकते केले."

मालकांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत गेले, बाहेर आले आणि नोटा अंगणात भिरकावल्या.

"उचल आणि चालती हो."

आई उठायला लागली. मी तिचा दंड धरून ठेवला. त्या अंगणात मी सहा खेपा वाकले होते.

"इथे ठेवा," मी म्हटलं. "आमच्यापुढे."

व्यापारी बघत होता. शेवटी मालक स्वतः पायऱ्या उतरले, वाकले, नोटा गोळा केल्या आणि ओटीवर ठेवल्या. मी मोजल्या. पंचवीस.

"बाकीचे पंधरा हंगामात. कामाला आलात की."

शेंगा तशाच ठेवून आम्ही निघालो. वाटेत आई रडत होती. मला म्हणाली, "आता आपल्याला कोन ठेवील?" मी नोटा तिच्या पदराला बांधल्या. 

हंगाम लागला. चार दिवसांत बाईंचा गडी दारात. केळी पिकलीत, सोलायला, उलटायला माणूस नाही, दोघींना बोलावलंय. ओळीतल्या बाकी सहा जणींकडेही जायचं होतं त्याला. पण त्यांच्याकडे मी हंगाम लागायच्या आदल्या रात्रीच जाऊन आले होते. आमचे पंधरा रुपये मिळेपर्यंत आठींपैकी कुणीच वाडीत जायचं नाही, असं ठरलं होतं.

गडी म्हणाला, "मालक म्हनतात, पैशे मिळतीन, आधी कामाला या."

मी म्हटलं, "मालकांना सांग, आधी पंधरा रुपये इथे आणून द्यायचे, आईच्या हातात. ज्या हाताला तीन बोटं आहेत, त्याच हातात. आणि बाईंना सांग, यापुढे आमच्यातली एकही चूळ भरणार नाही."

"आनि नाय दिले तं?"

"तर मांडवावर जाऊन बघ," मी म्हटलं. "केळी थांबत नाहीत. आम्ही थांबतो."