चूक कुठं झाली ते सांगा

स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली की अक्का खुर्ची मागं सरकवून म्हणायच्या, "हे कुणाला सांगायलंय? माणसाला, का स्वतःलाच?"

अक्का मूळच्या मंठाळच्या; आमच्या कलबुर्गीच्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या इंजिनिअर. कॉलेजच्या मुलांसाठी आम्ही एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा तयार करत होतो.

तुम्हीही असे संदेश पाहिले असतील: 'संख्या अपेक्षित, मजकूर मिळाला.' बाण मात्र शेवटच्या ओळीकडं. खरी चूक वरच, कुणीतरी वयाच्या आकड्याला अवतरणचिन्हं लावलेली.

"यंत्र अडलं ती जागा दाखवू नका, माणूस चुकला ती दाखवा," अक्का म्हणायच्या.

आमचे टीमप्रमुख तयार नव्हते. "दरवेळी मूळ चूक शोधत बसली तर भाषा मंद होईल, अक्का. पोरांना सवय होते."

"सवय होस्तोवर पोरं सोडून जायलीत, सर. मीपण गेले होते." अक्कांचा आवाज चढला नाही. "पहिल्या वर्षी असंच काहीबाही वाचून लॅबला जायचंच बंद केलं. वाटलं, मलाच येत न्हाई."

सर म्हणाले, "करून दाखवा."

अक्कांनी केलं. बसवकल्याणच्या एका कॉलेजात आम्ही ते घेऊन गेलो. अक्का एका मुलीच्या मागं बसल्या. चूक झाली, संदेश आला, चांगला परिच्छेदभर. मुलीनं तो न वाचताच हात वर केला, "मॅडम, काय झालंय?"

परतताना अक्का एकदम हसल्या. "मी तर निबंधच लिवलाय."

सगळं खोडून त्यांनी एवढंच ठेवलं: 'इथं संख्या हवी. वर "वय" मजकूर म्हणून लिहिलंय. अवतरणचिन्हं काढून पाहा.'

पुढच्या खेपेला त्याच मुलीनं ते वाचलं, चिन्हं काढली आणि पुढं लिहू लागली. अक्कांनी माझा दंड धरला. "बघितलास? तिनं मला विचारलंच न्हाई."

भाषा किंचित मंद झाली. सरांनी ती तशीच स्वीकारली.

गेल्या वर्षी अक्का हैदराबादला गेल्या, एका मोठ्या भाषेच्या कामावर. निरोपाच्या दिवशी केक तसाच पडून होता आणि अक्का आणि सरांचा एका शब्दावरून वाद चाललेला.

"'चुकीचं' कामून लिहायचं, सर? 'वेगळं' म्हणा की."

आता नवा संदेश तयार झाला की सर तो मोठ्यानं वाचतात. वाचून अक्कांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघतात. मग स्वतःच एखादा शब्द खोडतात.