कोरड्या अंगानं या

उजवा खांदा आखडल्याला पाच महिने झाले होते. हात कानाच्या वर जाईना, त्यामुळे फळ्याचा वरचा अर्धा भाग माझ्यासाठी परमुलूख झाला होता. वडनेर भोलजीच्या शाळेत मी चौथीला शिकवते. शेवटी मुख्याध्यापक गोडीत म्हणाले, "मॅडम, असंच राह्यलं तं दिवाळीनंतर वर्ग सोडा, ऑफिसचं पाहा." ती गोडीच जास्त झोंबली. वर्ग गेला तर माझ्यात उरतं काय, या विचारानं मी खरंच घाबरले होते.

डॉक्टरांनी फोटो काढला, हाड ठीक आहे म्हणाले आणि नांदुऱ्याच्या एका फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे पाठवलं. आता आमच्याकडे कुणाच्या हाती अंग द्यायचं म्हणजे मालिश, आणि मालिश म्हणजे तेल. शेजारच्या काकूंनी लसूण-ओवा घालून तिळाचं तेल कढवलं आणि मानेपासून कोपरापर्यंत मला चोपडून काढलं. वर बाटलीही दिली, परक्या पोरीचं तेल कशाला संपवायचं म्हणून. बसमध्ये शेजारच्या बाईनं मुकाट्यानं खिडकी उघडली.

त्या मुलीनं आधी बारीक विचारपूस केली, हात कुठवर जातो ते पाहिलं. मग मला उताणं झोपवून एक हात खांद्याखाली, एक वर ठेवला. वरचा सर्रकन घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला.

"मॅडम, तेल काऊन लावलं हो?"

"तुमच्यासाठीच लावलं ना!"

तिला हसू आवरेना. "याच्यात घासाचं नसते. कातडी धरून हळूच ताणून ठेवा लागते. आज तं माहा हातच टिकून नाही राह्यला. उद्या कोरड्या अंगानं या."

अख्खी रजा तेलात गेली. घरी येऊन काकूंवर चिडले, स्वतःवर त्याहून जास्त चिडले आणि दोनदा साबण लावून आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी तिचा हात टिकला. टिकला म्हणजे नुसता ठेवलेलाच राहिला. तिचं म्हणणं असं, की संत्र्याच्या फोडीवर असतो तसा पातळ पापुद्रा आपल्या स्नायूंवरही असतो, आणि तो आखडला की ओढून नाही, थांबून सैल करावा लागतो. तीन-चार मिनिटं झाली तरी काही होईना, तेव्हा मी विचारलं, "सुरू कधी करणार?"

"सुरूच हाय नं मॅडम."

दुखत नाही ते औषध कसलं, अशा समजुतीत वाढलेली मी. मनात म्हटलं, फसले. पण हाताखाली ऊब आली, आत काहीतरी सावकाश सरकल्यासारखं झालं, आणि नंतर मी स्वतःच्याच घोरण्यानं दचकून उठले. त्याच्या दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं, तेही तिनं आधीच सांगितलं होतं.

"हातच ठेवून बसाचं असन तं मीबी ठेवतो," आमचे हे म्हणाले. टीव्ही पाहताना माझ्या खांद्यावर त्यांनी खरोखर हात ठेवला. पाच मिनिटांत बातम्यांवर संतापून तोच हात हवेत.

चमत्कार वगैरे झाला नाही. आठवड्यातून दोनदा नांदुरा, आणि घरी रोज भिंतीवर बोटं चढवायची. कालच्यापेक्षा कधी दोन बोटं वर, कधी एक खाली. घाई करू नका, असं ती प्रत्येक वेळी बजावायची.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात एका सकाळी खडू उचलला आणि हात वर नेला. खांद्यात कळ आली, पण हात गेला. फळ्याच्या अगदी वर तारीख लिहिली, मग वार. आणि डोळे घळाघळा वाहायला लागले. असल्या तोंडानं पोरांकडे वळायचं कसं? म्हणून लिहीतच राहिले. सतराचा पाढा लिहिला, अठराचा लिहिला.

"मॅडम, आता तं मराठीचा तास हाय नं?" मागून एक पोरगी म्हणाली.

"हो. लिहा गुपचूप," मी फळ्याकडे तोंड करूनच म्हटलं, आणि एकोणीसचा पाढा पुन्हा अगदी वरून सुरू केला.